वाकडा पडदा, अडणारा श्वास आणि संशोधनाचे संमतीपत्र

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एका वाचक भगिनीने पत्र लिहिले आहे. त्यांचे यजमान ४६ वर्षांचे आहेत. उद्यमनगरात त्यांचे लेथचे छोटे वर्कशॉप आहे आणि तयार माल ते स्वतःच टेम्पोने कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत पोहोचवतात. गेली काही वर्षे ते मोठ्याने घोरतात, मध्येच श्वास अडून दचकून जागे होतात आणि दुपारी वर्कशॉपमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना झोप लागते. नाक, विशेषतः डावी बाजू, सतत चोंदलेली असते. औषधाच्या दुकानातून आणलेले नाक मोकळे करणारे थेंब घातल्याशिवाय दोन वर्षांत त्यांना झोप आलेली नाही. घरी केलेल्या झोपेच्या तपासणीत तासाला २७ वेळा श्वास अडतो किंवा मंदावतो असे निघाले. डॉक्टरांनी रात्री मास्क लावून वापरायचे, हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र सुचवले, पण नाक चोंदल्यामुळे गुदमरल्यासारखे होते म्हणून यजमानांनी ते पहिल्याच आठवड्यात परत केले. आता शहरातील एका रुग्णालयाने त्यांना संशोधनात सहभागी होण्याबद्दल विचारले आहे. नाकाचा पडदा, म्हणजे दोन नाकपुड्यांमधली भिंत, वाकडा असलेल्या आणि झोपेत श्वास अडणाऱ्या रुग्णांपैकी काहींची शस्त्रक्रिया लगेच करायची आणि काहींना सहा महिने फवारा व मिठाच्या पाण्याचे उपचार द्यायचे, कोण कोणत्या गटात जाणार हे संगणक ठरवणार, असे त्याचे स्वरूप आहे. या काळात यंत्र वापरायचे नाही, असेही सांगितल्याचे भगिनींना आठवते. खर्च रुग्णालयाचा. दीर म्हणतात, आपल्यावर प्रयोग करून घ्यायचे नाहीत. सासूबाईंनी शंख वाजवल्याने हा आजार बरा होतो असे वाचले आहे. भगिनींचे स्वतःचे मत असे की, फुकट शस्त्रक्रिया होत असेल तर नाक मोकळे होईल, घोरणे थांबेल आणि यंत्राची कटकट मिटेल. यजमानांना सहीसाठी तयार कसे करावे, असे त्या विचारतात.

ताई, तुमच्या पत्रातील सगळी मांडणी एका समजुतीवर उभी आहे: नाक मोकळे झाले की श्वास अडणे थांबेल. ही समजूत अगदी स्वाभाविक आहे, कारण यजमानांना जाणवतो तो अडथळा नाकातच आहे. झोपेत घशात काय होते ते त्यांना कळत नाही, आणि तुम्हाला ऐकू येतो तो फक्त आवाज. प्रत्यक्षात झोपेतील श्वासरोधात, म्हणजे ज्याला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात त्यात, श्वास अडतो तो बहुतेक वेळा पडजीभ, टाळूचा मऊ भाग आणि जिभेचे मूळ यांच्या परिसरात. तिथे हाडाचा आधार नाही. जागेपणी स्नायू ती वाट उघडी धरतात आणि झोपेत ते सैल पडतात. उसाच्या रसाच्या गाड्यावर मिळणारी कागदी नळी रसाने मऊ झाल्यावर तिचे टोक दाबून जोराने ओढले, तर नळी टोकाशी नव्हे, मध्येच मिटते. नाक आणि घसा यांचे नाते बरेचसे असेच आहे. नाक चोंदल्याने आत ओढण्याचा जोर वाढतो आणि घसा मिटण्यास हातभार लागतो, हे खरे. पण टोक मोकळे केल्याने मऊ पडलेली नळी पुन्हा कडक होत नाही.

हे केवळ तर्काने सांगत नाही. अथेन्समधील डॉक्टरांनी नेमका तुमचाच प्रश्न तपासला आणि त्याचा निष्कर्ष २००८ साली युरोपीय श्वसनविकार तज्ज्ञांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पडदा वाकडा असलेले आणि श्वासरोध असलेले ४९ रुग्ण त्यांनी घेतले. २७ जणांची पडद्याची खरी शस्त्रक्रिया केली आणि २२ जणांना भूल देऊन केवळ शस्त्रक्रियेचे सोंग केले. काही महिन्यांनी पुन्हा झोपेची तपासणी केली तेव्हा, खऱ्या शस्त्रक्रियेच्या गटात तासाला श्वास अडण्याचे सरासरी प्रमाण जवळजवळ होते तिथेच राहिले होते. लक्षणीय सुधारणा झाली ती २७ पैकी चौघांत. त्यानंतरच्या वर्षांत अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले तेव्हाही साधारण हेच चित्र दिसले: केवळ नाकाच्या शस्त्रक्रियेने घोरण्याचा त्रास आणि दिवसाची सुस्ती काहींची कमी होते, पण श्वास अडण्याचा आकडा फारसा हलत नाही. आवाज कमी झाला म्हणजे आजार कमी झाला, असे मात्र समजू नये. शांतपणे श्वास थांबणारा रुग्ण घरच्यांना जास्त फसवतो.

मग शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे का? मुळीच नाही, फक्त तिचा उपयोग वेगळ्या कामासाठी आहे. ब्रिटनमधील १७ रुग्णालयांत ३७८ प्रौढ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. एका गटाची पडद्याची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याला सहा महिने स्टेरॉइडचा आणि मिठाच्या पाण्याचा फवारा दिला गेला. नाकाच्या त्रासाबद्दलच्या २२ प्रश्नांच्या प्रश्नावलीत, जिथे ११० म्हणजे सर्वाधिक त्रास, शस्त्रक्रियेच्या गटाची सरासरी सहा महिन्यांनी सुमारे २० वर आली होती आणि फवाऱ्याच्या गटाची ४० च्या आसपास होती. वाकड्या पडद्यामुळे खरोखर नाक बंद असेल, तर शस्त्रक्रिया नाकासाठी फवाऱ्याहून स्पष्टपणे सरस ठरते, असा याचा अर्थ. शिवाय नाक मोकळे झालेल्या रुग्णांना सीपॅप यंत्र जास्त सहन होते आणि अनेकदा कमी दाबाची हवा पुरते. तुमच्या यजमानांनी यंत्र परत केले ते नाक चोंदल्यामुळे. म्हणजे शस्त्रक्रियेने यंत्राची कटकट मिटेल असे तुम्ही धरून चालला आहात, तिथे अधिक संभाव्य आणि तरीही चांगला निकाल असा आहे की, शस्त्रक्रियेमुळे ते यंत्र त्यांना वापरता येऊ लागेल.

आता संशोधनाकडे वळू. दीरांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण आपल्या देशात गरीब रुग्णांना पुरते न सांगता औषधचाचण्यांत ओढल्याची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत आणि त्यानंतरच नियम कडक झाले. परंतु उपचार संगणकाने ठरवणे म्हणजे डॉक्टरांचा निष्काळजीपणा, असे त्यांना वाटत असेल तर ते बरोबर नाही. लहान मुलांच्या टॉन्सिल आणि ॲडेनॉइडच्या (नाकाच्या मागे असणाऱ्या गाठीच्या) शस्त्रक्रियेवर अमेरिकेत झालेली, २०१३ साली प्रसिद्ध झालेली एक मोठी चाचणी त्यांना सांगून पाहा. श्वासरोध असलेल्या, ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांपैकी निम्म्यांची शस्त्रक्रिया लवकर केली, उरलेल्यांवर नुसते लक्ष ठेवले. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सामान्य आली. आणि शस्त्रक्रिया न झालेल्यांपैकी ४६ टक्क्यांचीही सामान्य आली. दुसरा गट नसता, तर त्या सुधारणेचे सगळे श्रेय शस्त्रक्रियेलाच गेले असते. तुलनेचा गट असतो तो यासाठी. (ज्या पालकांची मुले तोंड उघडे ठेवून झोपतात, त्यांनीही ही आकडेवारी लक्षात ठेवावी, मुलांच्या बाबतीत कारण बहुधा पडदा नसून ॲडेनॉइड असते, आणि सौम्य त्रासात थोडे थांबून पाहणे हाही डॉक्टरांच्या देखरेखीखालचा उपचारच असतो.)

तेव्हा संशोधन म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. मला खटकते ते दुसरेच. नाकाच्या त्रासापुरते उत्तर ब्रिटनच्या चाचणीने दिले आहे, आणि श्वास अडण्यापुरते अथेन्सच्या. मग या संशोधनाला नवे काय शोधायचे आहे? त्याला चांगले उत्तर असू शकते: कदाचित शस्त्रक्रियेनंतर किती जण यंत्र वापरू लागतात हे त्यांना मोजायचे असेल, कदाचित आपल्याकडची धूळ आणि ॲलर्जी विचारात घ्यायची असेल. पण हा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा, आणि त्याचे उत्तर साध्या मराठीत मिळायला हवे. मुख्य मोजमाप कोणते, नाकातून वाहणारी हवा, प्रश्नावली, की झोपेची तपासणी, हे कळल्याशिवाय सही करू नये.

त्याहून मोठा प्रश्न सहा महिने यंत्र न वापरण्याच्या अटीचा आहे. तासाला ५ ते १५ वेळा श्वास अडणे सौम्य मानतात, १५ ते ३० मध्यम, आणि ३० च्या पुढे तीव्र. २७ हा मध्यम गटातला, पण वरच्या टोकाचा आकडा आहे. शिवाय एका रात्रीचा आकडा दुसऱ्या रात्री तोच येतो असे नाही. दिवसा बसल्या बसल्या झोप लागणारा आणि महामार्गावर टेम्पो चालवणारा माणूस सहा महिने यंत्राविना ठेवावा का? श्वासरोधासोबत हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रुग्णांवर सीपॅपची जी आंतरराष्ट्रीय चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात दिवसा फार झोप येणाऱ्या किंवा झोपेमुळे अपघाताचा धोका असणाऱ्या रुग्णांना मुळात घेतलेच नव्हते, कारण त्यांना यंत्राविना ठेवणे योग्य ठरले नसते. हाच निकष तुमच्या रुग्णालयापुढे ठेवा. यजमान टेम्पो चालवतात हे त्यांच्या नोंदीत आहे का, आणि झोपेची गुणसंख्या, म्हणजे दिवसा किती झोप येते याचे मोजमाप, कोणत्या पातळीला गेली तर ते रुग्णाला चाचणीतून काढून यंत्र देतील, हे विचारा. संशोधक मंडळी प्रामाणिक असतील तर या प्रश्नाने त्यांना राग येणार नाही. अट खरोखर तशीच असेल आणि तिच्यात सूट नसेल, तर माझे मत सहभागी होऊ नये असेच राहील.

त्याच चाचणीची दुसरी बाजूही सांगणे भाग आहे, कारण यंत्राबद्दलही लोक फार आशा धरतात. तिच्यात सीपॅपमुळे हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत. अर्थात सहभागी रुग्ण सरासरी रात्री ३.३ तासच यंत्र वापरत होते. पण दिवसाची झोप, मनःस्थिती आणि जीवनमान यांत सुधारणा झाली, आणि कामावरच्या रजाही कमी झाल्या. तुमच्या यजमानांना आज हवे आहे ते हेच.

संशोधनाच्या कागदपत्रांविषयी काही गोष्टी सगळ्याच वाचकांच्या उपयोगाच्या आहेत. अशा अभ्यासाला संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि तो पहिला रुग्ण घेण्याआधी भारतीय चाचणी नोंदणीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदवलेला असायला हवा. २००७ पासून चालणारी ही नोंदणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या यंत्रणेतून होते आणि इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. नोंदणी क्रमांक मागून घ्या. दिराकडे द्या, ते शोधून वाचतील आणि त्यांच्या शंकेला नुसत्या नकाराऐवजी काही काम मिळेल. संमतीपत्र मराठीत असले पाहिजे आणि ते घरी नेऊन वाचण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यात चार-पाच गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत का ते पाहा: मधेच बाहेर पडता येईल आणि त्याचा नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही, संशोधनामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, फवाऱ्याच्या गटात गेल्यास सहा महिन्यांनंतर हवी असल्यास शस्त्रक्रिया मिळेल की नाही, आणि तिचा खर्च कोणाचा, शेवटच्या तपासणीचा अहवाल रुग्णाच्या हातात पडेल का. तुम्ही फुकट शस्त्रक्रियेचा विचार करत आहात, पण तुमच्या यजमानांचे नाव फवाऱ्याच्या गटात निघण्याची शक्यता जवळजवळ तितकीच आहे. केवळ शस्त्रक्रिया हवी असेल, तर ती या शहरात संशोधनाबाहेरही होते. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागाचे मत घेता येईल, आणि पडद्याची शस्त्रक्रिया ही त्या शाखेतील नेहमीची गोष्ट आहे.

शस्त्रक्रिया कुठेही झाली, तरी भूलतज्ज्ञाला श्वासरोधाबद्दल आधी सांगितलेच पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर नाकात पट्टी किंवा बोळा ठेवला गेला तर पहिल्या एक-दोन रात्री श्वास अडणे वाढू शकते, म्हणून अशा रुग्णाला त्याच संध्याकाळी घरी पाठवण्याची घाई करू नये.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात ओझरती आली आहे आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नाक मोकळे करणारे थेंब. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले हे थेंब आतील रक्तवाहिन्या आकुंचित करतात आणि मिनिटांत नाक उघडते. पण तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले, तर औषध उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदते आणि मग तेच थेंब पुन्हा लागतात. तुमचे यजमान दोन वर्षे या चक्रात आहेत. पडदा थोडाफार वाकडा असणे इतके सर्रास आढळते की, सीटी स्कॅनवर तो दिसला म्हणून तोच गुन्हेगार असे म्हणता येत नाही. त्यांच्या नाकाच्या त्रासात पडद्याचा वाटा किती आणि थेंबांचा किती, हे थेंब सुटल्याशिवाय कळणारच नाही, आणि ते कळण्याआधी शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे घाईचे होईल. थेंब एकदम बंद करणे बहुतेकांना जमत नाही. डॉक्टरांना विचारून स्टेरॉइडचा फवारा सुरू करावा आणि थेंब आधी एका नाकपुडीत बंद करून, ती सावरली की दुसऱ्या नाकपुडीत बंद करावेत. फवारा मारताना त्याचे तोंड मधल्या पडद्याकडे नव्हे, बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या दिशेने धरावे, आणि परिणाम दिसायला काही आठवडे द्यावेत. लोक तिसऱ्या दिवशी फवारा फेकून देतात आणि थेंबांकडे परत जातात. पहिला आठवडा-दहा दिवस खरोखर वाईट जातो, हे यजमानांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते मध्येच हात टेकणार नाहीत. वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग करताना चांगला मास्क लावावा, आणि संध्याकाळी मिठाच्या पाण्याने नाक धुवावे. जलनेती करत असाल तर पाणी उकळून गार केलेलेच हवे, नळाचे थेट नको. (एखादी बाजू कधी दुसरीपेक्षा जास्त बंद वाटली, तर लगेच घाबरू नये, निरोगी माणसातही दोन्ही नाकपुड्या काही तासांनी आळीपाळीने भरतात आणि मोकळ्या होतात.)

नाक जरा सावरले की यंत्र पुन्हा आणून पाहावे. अनेक विक्रेते ते महिन्याच्या भाड्याने देतात, तेव्हा एकदम विकत घेण्याची गरज नाही. मास्कचे प्रकार वेगवेगळे असतात, हवेला ओलावा देणारी सोय असते, आणि दाब हळूहळू वाढवता येतो. पहिल्या खेपेला यांपैकी काही करून पाहिले होते की नाही हे विचारा. दुपारी टीव्ही पाहताना जागेपणी अर्धा तास मास्क लावून बसल्याने सवय लवकर होते. यंत्र मुळीच नको असेल, तर खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे दातांचे साधन हाही मध्यम श्वासरोधात मान्य असलेला पर्याय आहे. ते दंतवैद्याकडून मापाने करून घ्यावे लागते.

सासूबाईंनी वाचले ते खोटे नाही. जयपूरमधील एका अभ्यासात मध्यम श्वासरोध असलेल्या ३० जणांपैकी १६ जणांना शंख वाजवायला शिकवले आणि उरलेल्यांना दीर्घ श्वसन. आठवड्यातून पाच दिवस, किमान पंधरा मिनिटे, असे सहा महिने केल्यावर शंख वाजवणाऱ्यांची दिवसाची झोप सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाली आणि तासाला श्वास अडण्याचे प्रमाण सरासरी चार-पाचने उतरले. २०२५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळतो, हे त्यामागचे पटण्यासारखे कारण आहे. पण संख्या लहान आहे, आणि २७ मधून पाच गेले तरी २२ राहतात, म्हणजे अजूनही मध्यम श्वासरोधच. शेजाऱ्यांची हरकत नसेल तर यजमानांनी शंख जरूर वाजवावा, यंत्राऐवजी नव्हे.

वजनाबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये शेकडो लोकांवर वर्षानुवर्षे झालेल्या निरीक्षणात, वजन १० टक्के घटले तर श्वास अडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी घटते, असा अंदाज निघाला होता. शरीर भरलेले असेल तर रात्री उशिराचे तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे जेवण आणि झोपण्याआधीचे मद्य यांकडे आधी पाहावे लागेल. उताणे न झोपता कुशीवर झोपण्याची सवय काहींना बरीच उपयोगी पडते.

राहता राहिला तुमचा मूळ प्रश्न, यजमानांना सहीसाठी तयार कसे करावे हा. ते काम तुमचे नाही असे मला वाटते, आणि कायद्याच्या व नैतिकतेच्या दृष्टीनेही नाही. संशोधनाची संमती ज्याच्या शरीरावर उपचार होणार त्याने, कोणाच्याही आग्रहाविना द्यायची असते. पत्नीच्या आग्रहाने केलेली सही हीदेखील चांगली संमती नव्हे. तुमच्या पत्रात तुमचे, दिरांचे आणि सासूबाईंचे मत आहे, यजमानांचे मात्र कुठेच नाही. त्यांना काय वाटते? कदाचित ते यंत्राला नव्हे, आजारी ठरण्याला नकार देत असतील. तुम्ही दोघे मिळून रुग्णालयात जा, प्रश्न तुम्ही विचारा, उत्तरे त्यांना ऐकू द्या, आणि त्या दिवशी सही न करता परत या. तुमच्या बाजूने तुम्ही एक गोष्ट नक्की करू शकता: रात्री त्यांचा श्वास अडतो तो मिनिटभर मोबाइलवर टिपून त्यांना दाखवा. डॉक्टरांच्या सल्ल्यापेक्षा हे चित्रण अनेकांना लवकर पटते, आणि तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनाही ते उपयोगी पडते.

आणि उपचार नीट सुरू होऊन दुपारची झोप जाईपर्यंत कागलचा माल दुसऱ्या चालकाकडून पाठवा. चालकाची मजुरी वर्कशॉपला जड जाईल, हे मी जाणतो. तरीही या पत्रातील बाकी सगळ्या गोष्टींना थोडा वेळ देता येईल, याला नाही.